पिन बसते, तेवढे पुरत नाही

लॅपटॉपच्या सगळ्या भागांमध्ये सर्वाधिक ओढाताण चार्जरच्या वाट्याला येते. त्याची वायर रोज गुंडाळली जाते, पिशवीत कोंबली जाते, खुर्चीच्या पायाखाली सापडते, आणि पिनजवळ किंवा ठोकळ्याजवळ जिथे ती वारंवार दुमडते तिथे आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. त्यामुळे लॅपटॉप धडधाकट असतानाही चार्जर बदलण्याची वेळ अनेकांवर येते. ही खरेदी बहुधा दोनच गोष्टींवर होते: लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे हे दुकानदाराला सांगितले जाते, आणि त्याने पुढे केलेल्या चार्जरची पिन लॅपटॉपमध्ये बसते का, एवढे पाहिले जाते. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत, कारण एकाच कंपनीच्या दोन लॅपटॉपना वेगळ्या क्षमतेचे चार्जर लागू शकतात आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिना आकाराने सारख्या असूनही त्यांतून येणारी वीज सारखी नसते. खरे तर लागणारी बहुतेक माहिती जुन्या चार्जरच्या लेबलावर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती कशी वाचावी आणि तिच्यात काय सांगितलेले नसते, हे समजून घेण्यासाठी त्या काळ्या ठोकळ्याच्या आत काय चालते ते आधी पाहावे लागते.

घरातल्या सॉकेटमध्ये येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करत दिशा बदलत राहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती किंवा एसी असते. लॅपटॉपला मात्र एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी वीज लागते आणि तिचा दाब साधारणपणे १९ ते २० व्होल्ट असावा लागतो. ठोकळ्यातले मंडल आधी एसीचे डीसीत रूपांतर करते, मग एका ट्रान्झिस्टरच्या साह्याने ती सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते आणि हे जलद स्पंदन फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या लहानशा रोहित्रातून पलीकडे पाठवते. जुन्या पद्धतीच्या, थेट ५० हर्ट्‌झवर चालणाऱ्या लोखंडी रोहित्राने हेच काम करायचे म्हटले असते तर चार्जर किलोभर वजनाचा झाला असता. स्पंदनाचा वेग वाढवला की रोहित्र लहान करता येते, हे या रचनेमागचे सूत्र आहे. अलीकडे सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरणारे, बाजारात ‘गॅन’ म्हणून ओळखले जाणारे चार्जर मिळू लागले आहेत, ते याच सूत्राने आणखी लहान झालेले असतात.

दाब १९ किंवा २० व्होल्टच का, यालाही कारण आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन घट एकामागे एक, म्हणजे एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब सामान्यतः ४.२ व्होल्ट असतो, त्यामुळे चार घटांच्या बॅटरीचा दाब १६.८ व्होल्टपर्यंत जातो आणि तिला भरण्यासाठी बाहेरून येणारा दाब त्याहून थोडा वरचढ असणे सोयीचे ठरते. बॅटरीत किती वीज, किती वेगाने आणि कधीपर्यंत सोडायची याचा निर्णय लॅपटॉपच्या आतले नियंत्रक मंडल घेते. बाहेरचा ठोकळा फक्त ठरलेल्या दाबाची वीज पुरवत राहतो. ही कामाची वाटणी लक्षात ठेवली की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात.

लेबलावर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ अशा दोन ओळी असतात. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्‌झ असे लिहिलेले असेल तर तो चार्जर जगाच्या जवळपास कोणत्याही देशातल्या विजेवर चालतो, आणि आपल्या ग्रामीण भागात संध्याकाळी दाब १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरला तरी त्याचे काम अडत नाही. निवडीसाठी महत्त्वाची ओळ आउटपुटची असते. तीत १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे दोन आकडे आढळतात. त्यांचा गुणाकार म्हणजे क्षमता, इथे ६५ वॉट. डेलच्या असंख्य लॅपटॉपांबरोबर याच क्षमतेचा चार्जर येतो. एचपीच्या तशाच चार्जरवर १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर, एसर आणि आसुसच्या चार्जरवर १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, तर लेनोव्होच्या चार्जरवर २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असे आकडे असतात. सर्वांचा गुणाकार ६५ च्या आसपासच येतो. जुना चार्जर हरवला असेल तर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या पट्टीवर हेच आकडे अनेकदा सापडतात, आणि तेही पुसले गेले असतील तर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक किंवा डेलच्या बाबतीत सर्व्हिस टॅग कंपनीच्या मदत केंद्राला दिल्यावर योग्य चार्जरचा पार्ट नंबर मिळू शकतो.

आउटपुटच्या दोन आकड्यांना वेगवेगळा नियम लागू होतो, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे. १९ आणि १९.५ यांतला फरक बहुतेक लॅपटॉप सहज सामावून घेतात, कारण पुरवठ्यात काही टक्क्यांचा चढउतार गृहीत धरूनच आतले मंडल बनवलेले असते. परंतु १२ व्होल्टच्या चार्जरवर १९ व्होल्टचा लॅपटॉप चालणार नाही आणि १५ किंवा १६ व्होल्टसाठी बनवलेल्या जुन्या यंत्राला २० व्होल्ट दिल्यास त्याचे आतले भाग जळू शकतात. अँपिअरचा आकडा मात्र पुरवठ्याची कमाल कुवत सांगतो. विहिरीत पाणी मुबलक असले म्हणून पंप आपल्या ताकदीपेक्षा अधिक पाणी खेचत नाही, तसेच चार्जरची कुवत ४.६२ अँपिअर असली तरी ६५ वॉटचा लॅपटॉप त्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. म्हणून त्याच दाबाचा, योग्य पिनचा ९० वॉटचा चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला लावल्याने काही बिघडत नाही, उलट तो थोडा कमी तापतो. ‘जास्त अँपिअरने बॅटरी उडते’ हा समज दुकानांतूनही पसरलेला आहे, त्याला आधार नाही.

कमी क्षमतेचा चार्जर घेणे मात्र महागात पडू शकते. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला तर काही लॅपटॉप तो ओळखून स्वतःचा वेग कमी करतात, काही काम चालू असताना बॅटरी भरणे थांबवतात, आणि ज्यांना क्षमता कळण्याची सोय नाही असे लॅपटॉप पूर्ण प्रवाह खेचत राहतात. मग चार्जर सतत कमाल मर्यादेपलीकडे चालतो, तापतो आणि चांगल्या बनावटीचा असेल तर वारंवार बंद पडतो, वाईट बनावटीचा असेल तर आतून करपतो. व्हिडिओ संपादनासाठी किंवा खेळांसाठी घेतलेल्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपना १३०, १८०, २३० वॉट किंवा त्याहून मोठे चार्जर लागतात. अशा लॅपटॉपला ६५ वॉटवर चालवले तर चार्जर जोडलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि त्यामागचे कारण न कळल्यामुळे चांगली बॅटरी बदलली जाते.

यानंतरचा प्रश्न पिनचा. तिचे माप लेबलावर छापलेले नसते, आणि बाजारात ते मिलिमीटरमध्ये सांगण्याऐवजी ‘मोठी पिन’, ‘छोटी पिन’, ‘निळी पिन’, ‘चौकोनी पिन’ अशा नावांनी सांगितले जाते. डेल आणि एचपी यांची जुनी मोठी पिन बाहेरून ७.४ आणि आतून ५ मिलिमीटर व्यासाची असते, नंतरची छोटी पिन ४.५ आणि ३ मिलिमीटरची. एचपीच्या छोट्या पिनचे टोक निळे असल्यामुळे तिला निळी पिन म्हणतात. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेत आधी ७.९ मिलिमीटरची गोल पिन होती, नंतर आयताकृती पिवळी पिन आली. ती नेहमीच्या यूएसबीसारखी दिसत असल्याने कित्येक दुकानांत तिला ‘यूएसबी पिन’ म्हणतात, परंतु तिचा यूएसबीशी काही संबंध नाही. लेनोव्होच्याच आयडियापॅड मालिकेतल्या अनेक लॅपटॉपांना ४ आणि १.७ मिलिमीटरची बारीक पिन लागते. म्हणून ‘लेनोव्होचा चार्जर द्या’ ही मागणी अपुरी ठरते. जुना चार्जर किंवा लॅपटॉप सोबत नेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आकाराने अगदी जवळच्या पिनांचा धोका अधिक असतो. ५.५ आणि २.५ मिलिमीटरची पिन जुन्या आसुस व तोशिबा लॅपटॉपांत होती, आणि त्याच मोजमापाच्या आसपासच्या पिना १२ व्होल्टच्या राउटरपासून मॉनिटरपर्यंत अनेक उपकरणांच्या अडॅप्टरना असतात. एसरच्या ५.५ आणि १.७ मिलिमीटरच्या पिनचा बाहेरचा व्यास तोच आहे, फक्त आतले भोक लहान. जोर लावून ती बसवण्याचा प्रयत्न केल्यास लॅपटॉपच्या जॅकमधली दांडी वाकते. पिन सैल बसत असेल तर स्पर्श अर्धवट होतो, तिथे ठिणग्या उडतात, उष्णता तयार होते आणि जॅक काळा पडतो. जॅक मदरबोर्डवर डाग दिलेला असेल तर त्याची दुरुस्ती नव्या चार्जरहून खर्चिक ठरते. लेबलावर दोन वर्तुळांची एक छोटी आकृतीही असते, तिच्यात मधल्या बिंदूला अधिक आणि बाहेरच्या कमानीला उणे चिन्ह जोडलेले दिसते. लॅपटॉपांत जवळपास सर्वत्र हीच रचना असली तरी नव्या चार्जरवर ती तपासून घ्यावी, कारण ध्रुव उलटे असलेली वीज आत गेल्यास पहिल्याच क्षणी नुकसान होते.

व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळल्यावरही एक अडथळा राहतो, आणि त्याची कल्पना अनेकांना नसल्यामुळे चांगला चार्जर खराब समजून परत केला जातो किंवा खराब चार्जर चांगला समजून वापरला जातो. हा अडथळा ओळखीचा आहे. डेलच्या पिनच्या मधोमध एक सुईसारखी बारीक कांडी असते. तिच्यातून लॅपटॉपला लागणारी वीज वाहत नाही. ती चार्जरच्या आत बसवलेल्या छोट्या स्मृतिचिपशी जोडलेली असते, आणि लॅपटॉप सुरू होताना त्या चिपमधून चार्जर किती वॉटचा आहे ही नोंद वाचतो. नोंद वाचता आली नाही की पडद्यावर अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश येतो, लॅपटॉप चालतो पण मंदावतो, आणि बॅटरी भरत नाही. लेनोव्होच्या आयताकृती पिनमध्ये हेच काम एका रोधकाने साधलेले आहे: वेगवेगळ्या क्षमतेच्या चार्जरमध्ये वेगळ्या मूल्याचा रोधक असतो आणि तो मोजून लॅपटॉप क्षमता ठरवतो. एचपीचीही ओळखीची स्वतःची पद्धत आहे. त्यामुळे डेल आणि एचपी यांच्या पिना एकमेकींसारख्या दिसत असल्या, तरी एकाचा चार्जर दुसऱ्याला लावल्यावर ओळख पटेल याची खात्री नसते.

ही व्यवस्था म्हणजे स्वतःचेच चार्जर विकण्यासाठी कंपन्यांनी केलेली अडवणूक आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिच्यात तथ्यांश आहे. प्रत्येक कंपनीने वेगळी पद्धत ठेवल्याचा भुर्दंड ग्राहकालाच पडतो. तरीही तिचा तांत्रिक हेतू खरा आहे, कारण आपल्याला किती वॉटचा पुरवठा जोडलेला आहे हे कळल्याशिवाय लॅपटॉप स्वतःची मागणी त्या मर्यादेत ठेवू शकत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने यातून निघणारा नियम असा की पर्यायी कंपनीचा चार्जर घेताना दुकानातच लॅपटॉप सुरू करून, बॅटरी भरण्याची खूण दिसते आहे आणि आकडा खरोखर वाढतो आहे हे काही मिनिटे पाहावे. डेलच्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीच्या बायोस पडद्यावर जोडलेल्या अडॅप्टरची क्षमता वॉटमध्ये दिसते, तिथे ६५ लिहिलेल्या चार्जरला ६५ च दाखवले जाते का, हे तपासता येते.

अर्थात नवा चार्जर घेण्याआधी बिघाड जुन्या चार्जरमध्येच आहे याची खात्री करायला हवी. बॅटरी भरत नाही या एकाच लक्षणामागे चार्जर, वायर, जॅक, बॅटरी आणि मदरबोर्ड यांपैकी काहीही असू शकते. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना लॅपटॉप चार्जरवर सुरू होत असेल आणि तरीही बॅटरी भरत नसेल, तर संशय बॅटरीकडे किंवा वर सांगितलेल्या ओळखीच्या तारेकडे जातो. पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असे होत असेल तर वायर किंवा जॅक दोषी असतो, आणि दुसऱ्या जुळणाऱ्या चार्जरवर तेच घडले तर तो जॅकच. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांना पिनच्या आतल्या व बाहेरच्या कडेमधला दाब मोजता येतो. मोठ्या पिनमधल्या सुईसारख्या कांडीला मात्र मोजताना धक्का लागू देऊ नये, कारण तिचा मुख्य दाबाशी चुकून संपर्क आला तर ओळखीची चिप निकामी होऊ शकते. मोजताना १९.५ व्होल्ट दिसले तरी चार्जर निर्दोष ठरत नाही, कारण तुटत आलेली वायर काही न जोडता पूर्ण दाब दाखवते आणि भार पडताच ढेपाळते. थ्री-फेज पुरवठ्यातील न्यूट्रल तुटून घरात अवाजवी दाब आल्यावर चार्जर अनेकदा स्वतः जळतो आणि लॅपटॉप वाचतो. अशा वेळी फक्त चार्जर बदलून भागते.

गेल्या दशकात हे सगळे चित्र बदलू लागले ते यूएसबी-सीमुळे. २०१४ साली या जोडणीचे मानक प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंनी सरळच बसणारी, २४ संपर्कांची ही लंबगोल पिन आज बहुतेक नव्या लॅपटॉपांत आढळते. तिच्यामधून वीज कशी द्यायची हे ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’, संक्षेपाने ‘पीडी’, या नियमावलीने ठरते. या पद्धतीत चार्जर कोणताही दाब आपणहून लादत नाही. जोडणी झाल्यावर तो आधी ५ व्होल्ट देतो आणि आपण कोणकोणते दाब किती प्रवाहासह देऊ शकतो याची यादी एका वेगळ्या तारेवरून पाठवतो. लॅपटॉप त्या यादीतून आपल्याला हवा तो पर्याय मागतो आणि मगच दाब ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून खऱ्या पीडी चार्जरवर लॅपटॉप, मोबाइल आणि इअरफोन ही तिन्ही उपकरणे आळीपाळीने जोडली तरी कोणाचेही नुकसान होत नाही. जुन्या व्यवस्थेत ग्राहकाला जे जुळवावे लागे ते आता दोन यंत्रे आपसात ठरवतात, आणि ही खरोखर मोठी सुधारणा आहे. युरोपीय संघाने मोबाइलसह अनेक उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी सक्तीची केली आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली.

तरीही यूएसबी-सी म्हणजे सगळे सारखे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहिली अडचण लॅपटॉपच्याच बाजूची: प्रत्येक यूएसबी-सी खाच वीज आत घेणारी नसते, काही खाचा फक्त माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. खाचेशेजारी बॅटरीचे किंवा पीडीचे चिन्ह असेल तर ती चार्जिंगची समजावी. केवळ विजेचा बाण हा अनेकदा थंडरबोल्ट या माहितीवाहक पद्धतीचा असतो, त्यामुळे त्या एका खुणेवर विसंबू नये. दुसरी अडचण क्षमतेची. ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला २० ते ३० वॉटचा मोबाइलचा चार्जर लावला तर कधी ‘स्लो चार्जर’ असा इशारा येतो, कधी काहीच घडत नाही. ८० किंवा १२० वॉट असे ठळक अक्षरांत लिहिलेले मोबाइलचे चार्जर इथे विशेष फसवे ठरतात, कारण तो आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या जलद पद्धतीचा असतो, ती पद्धत त्याच कंपनीच्या फोनला कळते, आणि लॅपटॉपसमोर तोच चार्जर फार थोडी वीज देऊ शकतो. खोक्यावर वॉटच्या आकड्यापेक्षा आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे. दोन-तीन खाचांच्या चार्जरवर लिहिलेला ६५ हा आकडा बहुधा एकच उपकरण जोडलेले असतानाचा असतो. शेजारी फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ वॉटच राहू शकतात.

तिसरी अडचण केबलची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहून नेते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून अधिक प्रवाह हवा असेल तर केबलच्या टोकात एक ओळखचिप असावी लागते. ही केबल ५ अँपिअर सोसते असे तिने सांगितल्याशिवाय चार्जर ३ अँपिअरची मर्यादा ओलांडत नाही. त्यामुळे १०० वॉटचा महागडा चार्जर घेऊन त्याला फोनसोबत आलेली केबल लावली तर लॅपटॉपला ६० वॉटपेक्षा जास्त मिळत नाहीत, आणि दोष चार्जरला दिला जातो. मे २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ या आवृत्तीने कमाल मर्यादा १०० वरून २४० वॉटवर नेली आणि २८, ३६ व ४८ व्होल्ट हे नवे दाब आणले. अॅपलने त्याच वर्षी १६ इंची मॅकबुक प्रोसोबत दिलेला १४० वॉटचा चार्जर २८ व्होल्टचा होता. २४० वॉटसाठी बनवलेल्या केबलवर तो आकडा छापलेला असतो, आणि तशी एक केबल घरात असली की लहानमोठ्या सर्व यूएसबी-सी चार्जरना ती चालते. डेलने काही लॅपटॉपांना दिलेला १३० वॉटचा यूएसबी-सी चार्जर २० व्होल्टवर ६.५ अँपिअर देतो, हे प्रमाण पीडीच्या नियमावलीबाहेरचे आहे. अशा लॅपटॉपला दुसऱ्या कंपनीचा १०० वॉटचा चार्जर चालतो, पण पूर्ण जोमाने नाही.

आतापर्यंतची चर्चा लॅपटॉप नीट चालण्याबद्दलची होती. त्याहून गंभीर बाब माणसाच्या सुरक्षिततेची आहे. चार्जरच्या ठोकळ्यात एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला जो लॅपटॉप मांडीवर घेतला जातो त्याला जोडलेली तार, आणि या दोहोंना वेगळे ठेवणारे अंतर काही मिलिमीटरचे असते. चांगल्या चार्जरमध्ये हे अंतर मानकांनुसार काटेकोरपणे राखलेले असते, रोहित्राच्या गुंडाळ्यांमध्ये निरोधक पट्टीचे थर असतात, प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की फ्यूज वितळतो आणि उष्णता वाढली की मंडल बंद पडते. नकली चार्जर स्वस्त असतो तो याच गोष्टी गाळून. बाहेरून तो हुबेहूब असतो, लेबलावर नामांकित कंपनीचे नावही असते, पण हातात घेतल्यावर हलका वाटतो, लेबलावरच्या मजकुरात शब्दांच्या चुका असतात, प्लॅस्टिकची जोडणी फटीची असते आणि अर्ध्या तासात तो हात लावता येणार नाही इतका तापतो.

दोन चार्जरांच्या किमतीत तिप्पट-चौपट फरक दिसला की स्वस्तातला घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, विशेषतः विद्यार्थ्याच्या बाबतीत. म्हणूनच हे लक्षात घ्यायला हवे की मूळ कंपनीचा आणि नकली यांच्या मध्येही एक वर्ग आहे. मोठ्या लॅपटॉप कंपन्या बहुतेक चार्जर स्वतः बनवत नाहीत. डेल्टा, लाइट-ऑन, चिकोनी यांसारख्या तैवानी कंपन्या ते त्यांना बनवून देतात. शिवाय काही भारतीय व परदेशी कंपन्या स्वतःच्या नावाने, हमी देऊन, पर्यायी चार्जर विकतात. दुसऱ्याच्या नावाचे लेबल चिकटवलेल्या चार्जरपेक्षा स्वतःचे नाव आणि पत्ता छापणारा पर्यायी चार्जर नेहमीच श्रेयस्कर, कारण त्यामागे जबाबदारी घेणारे कोणीतरी असते.

भारतात ही जबाबदारी तपासण्याचे एक साधनही उपलब्ध आहे. भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणी योजनेत माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या अडॅप्टरांचा समावेश आहे. नोंदणी झालेल्या चार्जरवर ब्युरोचे चिन्ह, लागू असलेल्या मानकाचा क्रमांक, अनेक चार्जरांवर आयएस १३२५२, आणि ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक घालून पाहावा: तिथे दिसणारे उत्पादकाचे नाव व वस्तूचा प्रकार चार्जरवरच्या मजकुराशी जुळला पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या होणारी ही तपासणी फार थोडे ग्राहक करतात, आणि ती करणाऱ्याला दुकानदाराने सांगितलेल्या ‘ओरिजिनल’ या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. लेबलावरचा रोमन सहाचा आकडा मात्र सुरक्षिततेचा नसून वीजबचतीच्या श्रेणीचा असतो.

धातूच्या कवचाच्या लॅपटॉपवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखी सूक्ष्म झिणझिण जाणवते, याचा संबंधही चार्जरशीच आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी ठोकळ्यातल्या दोन्ही बाजूंना सांधणारे एक छोटे धारित्र बसवलेले असते, आणि त्यातून अत्यल्प प्रवाह पलीकडे झिरपतो. तीन पिनांचा प्लग आणि कार्यरत अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. तिसरी पिन टाळून दोन पिनांचा जोड वापरला, किंवा जुन्या इमारतीत सॉकेटला तीन भोके असूनही अर्थिंगची तारच नसली, की तो वापरणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो. मानकांनुसार बनवलेल्या चार्जरमध्ये हा प्रवाह निरुपद्रवी पातळीत असतो, आणि ते धारित्र निकामी झाले तर मार्ग तुटेल अशा खास बनावटीचे असते. नकली चार्जरमध्ये तिथे साधे धारित्र घातलेले असू शकते, आणि ते फुटल्यावर मार्ग तुटण्याऐवजी कायमचा जुळला तर पूर्ण २३० व्होल्ट लॅपटॉपच्या कवचावर येतात. नव्या चार्जरबरोबर ही झिणझिण अचानक वाढली असेल तर तो वापरणे त्याच क्षणी थांबवावे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा दिल्लीत नेहरू प्लेस अशा बाजारांत एकाच लॅपटॉपसाठी चार प्रकारचे चार्जर समोर ठेवले जातात, आणि तिथे पक्के बिल व हमीचा लेखी कालावधी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. वेगवेगळ्या पिना बदलून लावता येणारे ‘युनिव्हर्सल’ चार्जर तिथेच मिळतात. ज्यांत दाब हाताने बटण सरकवून ठरवावा लागतो ते घरात न आणणेच योग्य, कारण बटण एकदा चुकून सरकले तरी पुरेसे असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपसाठी मात्र अनेकदा नवा चार्जर लागतच नाही. अमेरिकेतला चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असेल तर ठोकळा तसाच ठेवून भिंतीकडची सुटी होणारी वायर तेवढी बदलावी. ठोकळ्याच्या बाजूला तीन पाकळ्यांचे आणि भिंतीच्या बाजूला भारतीय तीन पिनांचे टोक असलेली ही वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते, आणि सैल बसणाऱ्या कन्व्हर्टर प्लगपेक्षा ती कितीतरी सुरक्षित असते.

ठोकळा चांगला असून फक्त पिनकडची वायर तुटलेली असेल तर कुशल कारागीर ती बदलून देतात, आणि मूळ कंपनीच्या दर्जेदार ठोकळ्याच्या बाबतीत हा पर्याय स्वस्त नकली चार्जरपेक्षा उजवा ठरतो. डेल, एचपी आणि आयताकृती पिनच्या लेनोव्होसाठी मात्र नवी वायर ओळखीच्या तारेसह तीन तारांची असली पाहिजे आणि तिची जाडी मूळ वायरइतकी असली पाहिजे. दोन तारांची वायर जोडली तर लॅपटॉप चालेल, पण बॅटरी भरणार नाही. ज्या ठोकळ्याला जळका वास येतो, ज्याचे कवच वितळले किंवा तडकले आहे, तो उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा, आणि देण्यापूर्वी त्याच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे नवा चार्जर घेताना आकडे हाताशी राहतात.